डॉक्टरांनी तुमच्या मुलाशी पाच मिनिटं एकट्याने बोललं तर चालेल का?

डॉ_कृष्णाकाठ
मी बालरोगतज्ज्ञ आहे. एका तालुक्याच्या गावात १९ वर्षं दवाखाना चालवते. आज पालकांना एक प्रश्न विचारायचा आहे, पण आधी घडलेलं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

एक ११ वर्षांची मुलगी चौथ्यांदा पोटदुखीसाठी आली होती. लघवी, रक्त, सोनोग्राफी, सगळं स्वच्छ. आईला फोन आला म्हणून ती बाहेर गेली. तेवढ्यात मुलीने मला विचारलं, "पोट दुखत असेल तर मामाकडे झोपायला जावं लागत नाही ना?"

चारही वेळा मी तिचं पोट तपासलं होतं. कधीपासून दुखतं, काय खाल्लं, शी होते का, हे सगळं विचारलं होतं ते आईला. तिला स्वतःला मी काहीच विचारलं नव्हतं. त्या दिवशी फोन आला नसता तर मी पुन्हा एक गोळी लिहून दिली असती.

कायद्याने आणि वैद्यकाने जे करायचं ते पुढे केलं. त्याबद्दल इथे लिहिणार नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

लैंगिक अत्याचार झालेलं मूल दवाखान्यात "माझ्यावर अत्याचार झाला" असं सांगत येत नाही. ते पोटदुखी, डोकेदुखी घेऊन येतं. सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होतं. बद्धकोष्ठ होतं, चड्डीत शी होते. झोपेत दचकणं, शाळा नको म्हणणं, एखाद्या ठरावीक घरी किंवा ठरावीक माणसाकडे जायला नकार, अचानक घसरलेले गुण, हातावर ब्लेडच्या रेघा, वयाला न शोभणारी लैंगिक माहिती किंवा खेळ. यातलं एकेक वेगळं घेतलं तर दुसरी पन्नास कारणं निघतात. म्हणून विचारल्याशिवाय कळत नाही, आणि आईबापांसमोर विचारून उपयोग नसतो. कधी त्रास देणारा माणूसच मुलाला घेऊन आलेला असतो.

मला दवाखान्यात पाटी लावायची आहे: "१० वर्षांवरील प्रत्येक मुलामुलीशी डॉक्टर पाच मिनिटं एकट्याने बोलतील." सर्वांशीच बोलायचं, म्हणजे कुणावर संशय घेतला असं वाटणार नाही. पालक म्हणून तुम्हाला हे चालेल का? राग येईल, भीती वाटेल, तर तेही लिहा.

रानजाई
डॉक्टर, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही. पण खरं सांगते, वाचल्यावर पहिला विचार आला तो "नको" असाच. माझी मुलगी १२ वर्षांची. बंद खोलीत कुणाही मोठ्या माणसासोबत एकटी राहायचं नाही, हे मीच तिला शिकवलंय. आता डॉक्टरचा अपवाद करायचा? तुम्ही बाई आहात, ठीक. आमचे डॉक्टर पुरुष आहेत.

भीमातीर
रानजाईंशी सहमत. डॉक्टरांवर आरोप झाल्याच्या बातम्याही आपण वाचतोच.

डॉ_कृष्णाकाठ
रानजाई, तुमचं "नको" अगदी बरोबर आहे. बंद दार मलाही नको. काय करता येईल? दार अर्धं उघडं, नर्स दारात, म्हणजे मूल सगळ्यांना दिसेल पण त्याचं बोलणं ऐकू जाणार नाही. आणि बोलणं आणि तपासणी या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या. त्या पाच मिनिटांत मुलाला हातही लावायचा नाही. तपासणीच्या वेळी आई किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस हजर असायलाच हवं.

चिंचेचं_झाड
वाचनमात्र असतो, आज लिहितोय. वय ४१, पुरुष.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना शिकवणीच्या सरांकडून हे सुमारे दीड वर्ष चाललं. माझंही पोट दुखायचं. आमच्या डॉक्टरांनी तीनदा जंताचं औषध दिलं. आई म्हणायची, शिकवणीला जायच्या वेळेलाच बरं दुखतं, ढोंगी. तिला माझं दुखणं बरोबर समजलं होतं, कारण मात्र उलटं लावलं.

डॉक्टर चांगले होते. गोट्या खेळतोस का म्हणून विचारायचे. त्यांनी एकदा जरी आईला बाहेर बसवून "शिकवणीला काय होतं?" असं विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं का? माहीत नाही. पण विचारलं होतं, एवढं तरी आज माझ्याजवळ असतं.

मला हे पाच मिनिटं चालतील. माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. १० कशाला, ८ करा.

सायली_ठाणे
चिंचेचं_झाड, लिहिलंत हे खूप मोठं आहे. मुलग्यांचं कुणी धरतच नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला, आणि त्या मुलांत मुलगे निम्म्याहून किंचित जास्तच होते. त्रास देणारे साधारण निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले.

भीमातीर
आकडे आहेत, मान्य. पण एक विचारतो, राग मानू नका. आमच्या गल्लीत एका माणसावर असा आरोप झाला. मुलीची वैद्यकीय तपासणी झाली, रिपोर्ट नॉर्मल आला. म्हणजे काही झालं नव्हतं ना? तरी त्याची नोकरी गेली. डॉक्टर मुलांना खोदून विचारू लागले तर असे प्रकार वाढणार नाहीत का?

डॉ_कृष्णाकाठ
भीमातीर, रागावण्यासारखं काही नाही. हा प्रश्न मला न्यायालयातही विचारला गेला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

त्या घटनेत काय झालं हे मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. पण "रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे काही झालं नाही" हे वैद्यकीयदृष्ट्या चूक आहे. मुलांवरचे बरेचसे अत्याचार असे असतात की त्यात जखम होतच नाही. जखम झाली तरी त्या भागातली त्वचा फार लवकर भरते, काही दिवसांत मागमूसही राहत नाही. आणि मूल सांगतं ते बहुतेक वेळा आठवड्यांनी, महिन्यांनी, वर्षांनी. अमेरिकेत अत्याचाराच्या शंकेवरून पाठवलेल्या २,३८४ मुलांच्या तपासणीचा एक मोठा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ९६ टक्के मुलांची तपासणी नॉर्मल निघाली. २००४ चा दुसरा अभ्यास छोटा आहे, पण डोळे उघडणारा. ३६ गरोदर किशोरवयीन मुली तपासल्या. गर्भ पोटात असताना फक्त दोघींमध्ये संबंधाची निश्चित खूण सापडली.

म्हणून तपासणी नॉर्मल आली तर डॉक्टरने लिहायचं असतं की यावरून अत्याचार झाला असंही म्हणता येत नाही आणि झाला नाही असंही म्हणता येत नाही. मुलाने स्वतःच्या शब्दांत जे सांगितलं ते जसंच्या तसं, त्याच्याच भाषेत, केस पेपरवर लिहायचं. बहुतेक वेळा सगळ्यात महत्त्वाची नोंद तीच असते.

"खोदून" विचारण्याबद्दल तुमचा मुद्दा मात्र बरोबर आहे. "मामाने हात लावला का?" असा प्रश्न विचारायचाच नाही. उत्तर प्रश्नातच घातलं तर मूल आपल्याला हवं ते बोलू शकतं. "घरी सगळ्यात जास्त कुणाकडे बरं वाटतं? कुठे जायला नको वाटतं? मग काय झालं?" एवढंच. आणि गप्प राहायचं.

अॅड_मंजिरी
भीमातीर यांच्या शंकेवर कायद्याची बाजू. पोक्सो म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा. त्यात जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला शिक्षा आहे, मुलाला नाही. म्हणजे खोट्या तक्रारीचा विचार कायद्याने केलेला आहे.

डॉक्टर, तुमच्यासाठी एक महत्त्वाचं. कलम १९ नुसार १८ वर्षांखालच्या मुलावर असा गुन्हा झाल्याचं कळलं, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. डॉक्टर, शिक्षक, शेजारी, सगळ्यांना. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला संरक्षणही आहे. म्हणून त्या पाच मिनिटांत मुलाला "मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका. आधी वचन द्याल आणि नंतर मोडाल, तर ते मूल पुन्हा कुठल्याच मोठ्या माणसावर विश्वास ठेवणार नाही.

डॉ_कृष्णाकाठ
हे मी पाटीवर कसं लिहायचं याचा विचार करते आहे. मुलाला समजेल अशा भाषेत हवं.

सिस्टर_अनघा
ग्रामीण रुग्णालयात २२ वर्षं नोकरी. लोकांना माहीत नसतं ते लिहिते.

असं मूल किंवा बाई घरी आली की घरचे पहिली गोष्ट करतात ती अंघोळ. कपडे धुऊन टाकतात. माया असते त्यात, तिच्या अंगावरची घाण जावी असं वाटतं. पण शक्य असेल तर अंघोळ, तोंड धुणं, कपडे धुणं थांबवा. कपडे कागदात किंवा कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको, ओल राहून बुरशी धरते. पुरावा ७२ तासांत मिळायची शक्यता जास्त, आम्ही ९६ तासांपर्यंत घेतो. अंघोळ झाली असेल, चार दिवस उलटले असतील, तरीही या. उपचार हवेतच आणि नोंदही हवीच.

आधी पोलीस ठाणं, मग दवाखाना असा समज आहे. एफआयआर नसली तरी तपासणी आणि उपचार होतात. "पोलिसांचं पत्र आणा" असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे. मी स्वतः एका ठिकाणी पाहिलंय, आईला लेकरू कडेवर घेऊन तीन तास बसवलं पत्रासाठी. लेकरू तिथल्या बाकावरच झोपलं. त्या पोरीचे पाय अजून डोळ्यापुढे आहेत, एका पायात चप्पल नव्हती.

अॅड_मंजिरी
सिस्टर, बरोबर. खासगी दवाखान्यालाही हाकलता येत नाही. पीडितेला विनामूल्य प्रथमोपचार देणं सरकारी-खासगी दोघांनाही बंधनकारक आहे, आता ते फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ मध्ये आहे. नाकारलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद. पोक्सोत मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, आणि आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती समोर हवी.

कोवळं_ऊन
वाचून घाबरले. माझी मुलगी ५ वर्षांची. दोन आठवडे खालची जागा खाजवते, लाल दिसते. मी तर कालपासून शाळेच्या व्हॅनच्या काकांकडे संशयाने बघायला लागले आहे. रात्री रडलेही.

डॉ_कृष्णाकाठ
कोवळं_ऊन, आधी श्वास घ्या. या वयात तिथे लाली आणि खाज येण्याची सगळ्यात नेहमीची कारणं अगदी साधी असतात. साबणाचा फेस, घट्ट नायलॉनची चड्डी, शी नीट पुसली न जाणं, आणि जंत. रात्री झोपताना खाज जास्त का? असेल तर बारीक पांढरे कृमी असण्याची शक्यता मोठी. जंताचं औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायचं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा, नखं कापायची, चादरी गरम पाण्यात धुवायच्या. डोस तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. काही मुलींना तिथे त्वचेचा पांढरा पट्टा येण्याचा एक आजार होतो, त्यात रक्तही येतं आणि तो अत्याचारासारखा दिसतो. म्हणून नुसतं बघून निष्कर्ष काढू नये.

कशाने काळजी वाढते? रक्त, वास येणारा पिवळा-हिरवा स्राव, शू करताना रडणं, जखम किंवा वळ. गुप्तरोगाचे काही जंतू, उदाहरणार्थ परम्याचे, लहान मुलात सापडले तर अत्याचाराची दाट शंका घ्यावीच लागते. यातलं काही असेल तर आजच दाखवा. मुलीला चारचारदा विचारत बसू नका.

कोवळं_ऊन
रात्रीच जास्त खाजवते. उद्या नेते. खूप आभार.

उषाताई_सातारा
मी ७० वर्षांची. अंगणवाडी सेविका होते. पोरांना शरीराच्या अवयवांची नावं शिकवा, हे मी पदर खोचून सांगायचे आणि बायका पदर तोंडाला लावायच्या.

एका घरात त्या जागेला "चिमणी" म्हणायचे. ती पोर बालवाडीतल्या बाईंना म्हणाली, "दादा चिमणीला त्रास देतो." बाई म्हणाल्या, "चिमणीला त्रास द्यायचा नाही म्हणावं, पाप लागतं." पोरीने मोठ्या माणसाला सांगितलं होतं. मोठ्या माणसाला कळलं नाही. हे कळायला पुढे सात महिने गेले.

सायली_ठाणे
उषाताई, अंगावर काटा आला. पण मराठीत शब्द कोणते वापरायचे? पुस्तकी शब्द मुलं बोलत नाहीत, आणि बोलीतले शब्द शिव्या झालेत.

उषाताई_सातारा
शू ची जागा, शी ची जागा, छाती. एवढं पुरे. ऐकणाऱ्याला लगेच कळलं पाहिजे, बास. आणि "चांगला स्पर्श, वाईट स्पर्श" यावरच थांबू नका. काही वेळा स्पर्श वाईट लागत नाही, गुदगुल्या होतात, खाऊ मिळतो. मग पोर म्हणतं हा चांगलाच की. त्यापेक्षा सांगा की अंघोळ घालताना, आजारी असताना सोडून या जागांना कुणी हात लावायचा नाही, आणि कुणी "आईला सांगू नको" म्हणालं की धावत येऊन आईलाच सांगायचं. आमच्याकडे "गंमत" आणि "गुपित" असा फरक करायचे. वाढदिवसाचा केक ही गंमत, ती चार दिवसांत सगळ्यांना कळते. गुपित कधीच कळू द्यायचं नसतं. घरात मोठ्यांशी गुपितं ठेवायची नाहीत.

पेठेतला_विनय
मुलांना नको असताना पापा द्यायला लावणंही बंद करा. "आजोबांना पापा दे, नाही दिला तर आजोबा रडतील." त्यातून मूल शिकतं की मोठ्यांना वाईट वाटू नये म्हणून आपलं अंग द्यायचं असतं. माझ्या मुलाने नकार दिला तेव्हा नातेवाईक दुखावले होते. आता ते त्याला टाळी देतात आणि तो पळत जातो.

भीमातीर
शाळांचं काय? बदलापूरच्या शाळेतल्या प्रकरणानंतर सगळीकडे कॅमेरे लावायला सांगितले होते.

पेठेतला_विनय
कॅमेरे हवेत. पण चिंचेचं_झाड यांच्या शिकवणीत कॅमेरा असता तरी मामाच्या घरी कोण लावणार?

टेम्सकाठची_मुक्ता
मी इंग्लंडमध्ये नर्स आहे. इथे लैंगिक अत्याचार झालेल्यांसाठी वेगळी केंद्रं आहेत, पहिलं १९८६ मध्ये मँचेस्टरच्या सेंट मेरीज रुग्णालयात सुरू झालं. प्रौढ व्यक्ती पोलिसांत न जाताही तिथे येऊ शकते. तपासणी, औषधं, समुपदेशन एका छताखाली, आणि नमुने जपून ठेवतात म्हणजे तिला नंतर ठरवता येतं. आपल्याकडे असं काही आहे का?

सिस्टर_अनघा
आहे, पण सगळीकडे सारखं नाही. जिल्ह्यांत "सखी" वन स्टॉप सेंटर आहेत. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात पालिका आणि "सेहत" संस्थेने मिळून "दिलासा" हे केंद्र पंचवीसेक वर्षांपूर्वीच सुरू केलं, पुढे ते इतर रुग्णालयांतही गेलं. आमच्यासारख्या ठिकाणी मात्र रात्री महिला डॉक्टर मिळवणं हीच लढाई असते.

अॅड_मंजिरी
तपासणीचा विषय निघालाच आहे म्हणून थोडं विषयांतर. आपल्या राज्याचा यात एक जुना डाग आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. डॉक्टरांच्या अहवालात जखमा नाहीत आणि तिला आधीचा अनुभव आहे असं आलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जखमा नाहीत म्हणून तिची संमती होती असं मानून पोलिसांना सोडलं. १९७९ मध्ये चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, त्यात पुण्याच्या वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर होते. देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. वर डॉक्टरांनी जे लिहिलं, जखम नसणं म्हणजे काही न घडणं नव्हे, ते एवढं महागात पडून शिकलेलं वाक्य आहे.

"दोन बोटांची चाचणी", म्हणजे योनीत बोटं घालून तिला आधी संबंधांची सवय होती का हे ठरवण्याची पद्धत, त्यानंतरही कितीतरी वर्षं चालू राहिली. सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी तपासणीच्या या पद्धतींवर अहवाल लिहिला, प्रकरण नागपूर खंडपीठात गेलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती चाचणी चूक ठरवली, २०१४ मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या, तरी थांबली नाही म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सांगावं लागलं की ही चाचणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. पीडितेचा आधीचा लैंगिक अनुभव या गुन्ह्याशी संबंधित नाही. कुणी ही चाचणी करायला लागलं तर "नको" म्हणायचा पूर्ण अधिकार आहे.

अनामिक_७
आजच सदस्य झाले. मला पटकन उत्तर हवंय. माझी भाची १४ वर्षांची. काल रात्री तिने मला सांगितलं. घरातलाच माणूस आहे. परवाची गोष्ट. तिच्या आईला अजून माहीत नाही. ती म्हणते कुणाला सांगू नको नाहीतर मी जीव देईन. मी काय करू

प्रशासक
अनामिक_७, गाव, शाळा, नाती, वय याहून जास्त काहीही इथे लिहू नका. मुलाची ओळख उघड करणं कायद्याने गुन्हा आहे आणि तिच्यासाठीही धोक्याचं आहे. इतर सदस्यांनीही विचारू नये.

डॉ_कृष्णाकाठ
अनामिक_७, मी इथेच आहे. क्रमाने वाचा.

आत्ता तिला एकटी सोडू नका. जीव देण्याचं बोलली आहे, ते खरं धरा. औषधं, कीटकनाशक, दोऱ्या, गच्ची याकडे लक्ष. त्या माणसापासून ती दूर राहील असं करा, तुमच्याच घरी ठेवता आली तर उत्तम.

तिला म्हणा: "तू मला सांगितलंस, फार चांगलं केलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी काहीही चूक नाही." "आधी का नाही सांगितलंस" हे म्हणू नका. "कुणाला सांगणार नाही" हेही म्हणू नका. म्हणा, "तुला सुरक्षित ठेवायला मला काही लोकांची मदत लागेल. कुणाला, कधी सांगतोय ते प्रत्येक वेळी तुला आधी सांगेन."

आजच जिल्हा रुग्णालय किंवा जवळचं मोठं रुग्णालय. परवाची गोष्ट आहे, म्हणजे ७२ तास संपत आलेत. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली, आणि ती २८ दिवस घ्यायची. गर्भ राहू नये म्हणून गोळी, ती पाच दिवसांपर्यंत देता येते पण उशीर झाला की गुण कमी होतो. गुप्तरोगांसाठी प्रतिजैविकं, हिपॅटायटीस बी ची लस घेतलेली नसेल तर ती. तिचे त्या वेळचे कपडे कागदी पिशवीत बरोबर न्या.

ती १४ वर्षांची आहे, त्यामुळे तपासणीला तिची स्वतःची संमती लागते. कुठल्याही टप्प्यावर ती "हे नको" म्हणू शकते, आणि म्हणाली तरी औषधं नाकारता येत नाहीत. रुग्णालय पोलिसांना कळवेल, ते त्यांना करावंच लागतं. जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो.

१०९८ ला आत्ता फोन करा. मुलांसाठीची ती मदतवाहिनी आहे, चोवीस तास, विनामूल्य. धोका वाटला तर ११२. त्या माणसाला जाब विचारायला जाऊ नका. आज ते आपलं काम नाही.

चिंचेचं_झाड
अनामिक_७, ती तुमच्याकडे आली. याचा अर्थ तिने सगळ्यांमधून तुम्हाला निवडलं आहे.

अॅड_मंजिरी
रुग्णालयात कुणी अडवलं तर कलम ३९७ हा आकडा सांगा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, आणि राज्याच्या मनोधैर्य योजनेतून मदतही तिथूनच. ते नंतर बघू. आधी रुग्णालय.

टेम्सकाठची_मुक्ता
एचआयव्हीच्या औषधांनी तिला मळमळेल, कदाचित उलटी होईल. रात्री जेवणानंतर घेतली तर सोपं जातं. औषध बंद करू नका, त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा.

भीमातीर
मी वर जे लिहिलं ते आज पुन्हा वाचलं. अनामिक_७, काही प्रवासाची, गाडीची मदत हवी असेल तर प्रशासकांमार्फत कळवा. मी जिथे असेन तिथून येईन.

*(चार दिवसांनंतर)*

अनामिक_७
गेलो होतो त्याच रात्री. आधी खिडकीवर थांबवलं, मी कलमाचा आकडा सांगितला, मग आत घेतलं. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी तपासायच्या आधी तिला प्रत्येक गोष्ट दाखवली, हे काय आहे, कशासाठी आहे. एका ठिकाणी ती नको म्हणाली तर त्यांनी लगेच थांबवलं आणि कागदावर तसं लिहिलं. ती नंतर मला म्हणाली, "मावशी, नको म्हटल्यावर त्या थांबल्या." पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती.

गोळ्या सुरू आहेत. मळमळतं. बहीण रडते, पण तिच्या बाजूने उभी आहे. तो आता घरात नाही. जास्त लिहीत नाही.

डॉ_कृष्णाकाठ
तिची आई तिच्या बाजूने उभी आहे, याने पुढच्या बरं होण्यात जेवढा फरक पडतो तेवढा क्वचितच कशाने पडतो. रक्ताच्या तपासण्या परत कराव्या लागतील, साधारण दीड महिन्याने आणि तीन महिन्यांनी, त्या चुकवू नका. पाळी चुकली तर लगेच सांगा. झोप, स्वप्नं, चिडचिड हे काही आठवडे राहील. त्यासाठी समुपदेशन लवकर सुरू करा. रात्री अचानक जड झालं तर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची मदतवाहिनी, १४४१६, मराठीतही बोलतात.

रानजाई
मी धाग्याची पहिली "नको" म्हणणारी. चार दिवस मुलीशी या विषयावर बोलले. तिलाच विचारलं, डॉक्टर तुझ्याशी एकट्याने बोलले तर? ती म्हणाली, "तू दारातून दिसत असशील तर चालेल. पण ऐकू नकोस हं." म्हणजे उत्तर तिने दिलं. मला चालेल. आमच्या डॉक्टरांनाही या धाग्याबद्दल सांगणार आहे.

उषाताई_सातारा
पाटी मोठ्या अक्षरात लिवा. आणि पोरांच्या उंचीला लावा, मोठ्यांच्या नको.

डॉ_कृष्णाकाठ
उषाताई, अगदी तसंच केलं. पाटी खाली, वजनकाट्याच्या शेजारी लावली आहे. त्यावर लिहिलंय:

"इथे ८ वर्षांवरच्या प्रत्येक मुलाशी डॉक्टर पाच मिनिटं बोलतात. दार उघडं असतं, आई-बाबा दिसतात, पण त्यांना ऐकू येत नाही. नर्सताई सोबत असतात. तू सांगशील ते मी गमतीत घेणार नाही. तुला कुणी त्रास देत असेल तर तो थांबवायला मला इतरांना सांगावं लागेल, आणि कुणाला सांगणार ते आधी तुला सांगेन. बोलायचं नसेल तरी चालेल."

काल पहिला दिवस. सात मुलं होती. दोन आईबापांनी नकार दिला, त्यांच्यावर जोर केला नाही. बाकीच्या पाचांपैकी तिघं गप्प बसली, त्यातल्या एकाने खुर्चीवर गोल फिरून घेतलं. एका मुलाने विचारलं की माझी उंची का वाढत नाही, घरी विचारलं की सगळे हसतात. त्याच्याशी नीट बोलले. पाचवी मुलगी बराच वेळ पाटी वाचत होती. मग म्हणाली, "पुढच्या वेळी सांगितलं तर चालेल?"

तिला बुधवारी दुपारी चारची वेळ दिली आहे. त्यानंतर कुणालाच वेळ दिलेली नाही.